दुसऱ्या रांगेतली माणसं

"आई शेवटचं नीट कधी बोलली?" डॉक्टरांनी विचारलं.

"सातला दहा कमी असतील."

"नक्की? अंदाजाने सांगू नका."

मी त्यांना वाक्यच सांगितलं. मागल्या पडवीतून आईने हाक मारून विचारलं होतं, "दोर भिजत घातलंस काय गो?" रेडिओवर सातच्या बातम्या लागायच्या होत्या. त्यामुळे वेळ पक्की होती. डॉक्टरांनी कागदावर ६.५० लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि स्ट्रेचर आत ढकलायला सांगितलं. त्या गोलापासून पुढची सगळी मिनिटं मोजली जाणार होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोर म्हणजे केळीच्या सोपटाचे. आई त्यावर अबोलीचे वळेसर बांधते. अबोलीचं देठ इतकं नाजूक की त्यातून सुई घालवत नाही. दोन-तीन फुलं धरायची, ओल्या दोराचा फेरा द्यायचा, गाठ आवळायची, की पुढची फुलं. सावंतवाडीच्या बाजारात आईचा वळेसर लोक तिच्या गाठीवरून ओळखतात. संध्याकाळपर्यंत फूल सुकतं, पण गाठ सुटत नाही.

त्या सकाळी मी दोर भिजत घातले नव्हते. ते सांगायला मी पडवीत गेले तेव्हा फुलांची परडी कलंडलेली होती आणि आई भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, तिला काहीतरी सांगायचं होतं आणि शब्द येत नव्हता. सत्तर वर्षं बोलत आलेली माझी आई अबोलीच्या सड्यात मुकी होऊन बसली होती.

या लेखात मला एक हिशोब मांडायचा आहे. आईला तिची वाचा परत मिळाली ती कोणाकोणामुळे, त्याचा. यातली काही माणसं मला रोज भेटतात. बरीच मला कधीच भेटणार नाहीत.

पहिलं ऋण शेजारच्या दादाचं. माझी हाक ऐकून तो लुंगीवरच धावत आला. आईच्या समोर उकिडवा बसून म्हणाला, "काकी, माका ओळखलंस?" आईने मान हलवली, ओठ हलवले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो उठला आणि त्याने व्हॅन काढली.

दुसरं ऋण गावाजवळच्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं. त्यांनी आईला हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितले, स्वतःचं नाव विचारलं. एका मिनिटात तिन्ही झालं. हसू अर्धंच आलं, उजवा हात उचलला नाही, नाव सांगता आलं नाही. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर एखादी सलाइन लावून दुपारपर्यंत वाट बघू म्हणालं असतं. पूर्वी आमच्या आजोबांच्या वेळी तसंच झालं होतं. हे डॉक्टर म्हणाले, "हय रवान उपयोग नाय. सरळ गोव्याक चला. मी फोन करून ठेवतंय." त्यांनी आपला फीचा कागदही केला नाही. पुढे महिन्याभराने मी पैसे द्यायला गेले तर त्यांना माझा चेहरासुद्धा आठवत नव्हता.

बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी. या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले आहे. त्या दिवशी प्रत्येक ट्रक माझ्या आईच्या आणि तिच्या शब्दांच्या मध्ये उभा आहे असं वाटत होतं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदूतज्ज्ञांनी २००६ साली मांडला आहे. मला तो तेव्हा ठाऊक नव्हता ते बरंच झालं. मी फक्त आईचा डावा हात धरून बसले होते. दादा एक शब्द न बोलता गाडी हाणत होता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोहोचलो. फोन गेलेला होता, माणसं दारात उभी होती. डोक्याचा सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता. मग शिरेतून रंगद्रव्य सोडून पुन्हा चित्रं काढली. डॉक्टरांनी मला पडद्यासमोर बोलावलं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तवाहिन्यांचं झाड फांद्या पसरून उभं होतं. डावीकडे मुख्य फांदी मध्येच तोडल्यासारखी संपत होती.

"इथे गाठ अडकली आहे," ते म्हणाले. "बोलणं आणि उजवं अंग सांभाळणारा भाग हिच्या पलीकडे आहे."

गाठ मेंदूत तयार झाली नव्हती, हृदयातून आली होती. आईच्या हृदयाची लय दोन वर्षांपूर्वीपासून बिघडलेली होती. ठोके नीट पडले नाहीत की हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात रक्त रेंगाळतं आणि विरजण लागल्यासारखं साकळतं. त्यातला एखादा तुकडा सुटला की थेट मेंदूकडे जाऊ शकतो. म्हणून तिला रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली होती. ती गोळी घेणाऱ्याला पुनःपुन्हा रक्त तपासावं लागतं. त्यासाठी दर वेळी अर्धा दिवस मोडायचा. फुलांचा हंगाम आला तेव्हा आईने खेपा थांबवल्या आणि हळूहळू गोळीही. मी त्याच घरात राहते. गोळ्यांचं पाकीट रिकामं होत नाही हे मी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी हे सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त लिहून घेतलं.

आधी गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत ते देता येतं, आणि आमचे तीनच तास झाले होते. पण गाठ मोठी असली, मुख्य वाहिनीत असली, तर नुसत्या इंजेक्शनने ती विरघळण्याची आशा कमी असते. म्हणून दुसरा कागद पुढे आला. डोकं उघडायचं नाही, कवटीला हात लावायचा नाही. जांघेतल्या धमनीतून नळी घालायची, ती हृदयाजवळून मानेत आणि मानेतून मेंदूत न्यायची आणि गाठ पकडून बाहेर ओढायची. मी सही केली. सहीच्या जागी माझा अंगठ्याएवढा घाम उमटला होता.

दार बंद झालं. आत काय झालं ते मला नंतर कळलं, आणि आता ते मला पाठ आहे. जांघेत सुई टोचतात. सुईतून तार आत सरकवतात, सुई काढतात, तारेवरून नळी पुढे नेतात. किती साधी युक्ती! स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी ती १९५३ साली प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून जगभर नळ्या याच वाटेने शरीरात शिरतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत एकीच्या पोटात दुसरी अशा बारीक होत जाणाऱ्या नळ्या वर चढतात. शेवटची नळी शेवयीसारखी. ती गाठीतून अलगद पलीकडे जाते. मग तिच्यातून तारेची एक बारीक जाळी उघडतात. जाळी फुलते आणि गाठ तिच्या घरांत रुतते. काही मिनिटं थांबतात. नंतर शोषून घेणारी दुसरी नळी लावून जाळी सावकाश मागे ओढतात.

पहिल्या ओढीत गाठ आली नाही. दुसऱ्या ओढीत आली. जांघेत सुई टोचल्यापासून रक्त पुन्हा वाहू लागेपर्यंत ४२ मिनिटं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जाळीदार पट्टीचा एक चौकोन होता. त्यावर काळपट लाल, अबोलीच्या देठाएवढं काहीतरी पडलं होतं.

"हीच," ते म्हणाले.

मी बघत राहिले. एवढ्याशा देठाने माझ्या आईचं सगळं बोलणं अडवून धरलं होतं.

दुपारी आईची उजवी बोटं हलली. संध्याकाळी तिने हात उचलला. शब्द मात्र लगेच आले नाहीत. दोन दिवस ती फक्त बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका सलाइनची नळी सोडवत होती. आईने त्या नळीकडे बोट केलं आणि स्पष्ट म्हणाली, "दोर." परिचारिकेला कळलं नाही. मी खाली जाऊन जिन्यात बसले आणि पोटभर रडले.

त्यानंतरचे महिने वाचा-उपचार करणाऱ्या ताईंचे. आठवड्यातून दोनदा त्या चित्रं दाखवायच्या. कोयती, विळी, छत्री. वस्तूंची नावं आधी परतली, माणसांची नंतर. आकडे सगळ्यांत हट्टी. आईने आयुष्यभर फुलांचे पैसे तोंडी मोजले होते आणि आता बाराच्या पुढे गेली की वाट चुकायची.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी आईला विचारलं, स्वतः आंघोळ करता का, जेवण करता का, घरात एकट्या राहू शकता का. आईने तिन्हीला "हो" म्हटलं. ते खूश झाले. म्हणाले, "नव्वदाव्या दिवशी आम्ही हेच विचारतो. तुम्ही चांगल्या रांगेत आलात."

मी विचारलं, "डॉक्टर, हे सगळं शोधलं कोणी?"

मला वाटलं ते एखाद्या शास्त्रज्ञाचं नाव सांगतील. त्यांनी आईच्या जुन्या रिपोर्टची पाठकोरी बाजू घेतली आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं २३३, उजवीकडे २६७.

"जाळ्या, नळ्या पुष्कळांनी शोधल्या," ते म्हणाले. "पण यांचा खरंच उपयोग होतो हे दाखवलं या पाचशे माणसांनी."

ही माणसं नेदरलँड्समधली. मेंदूतली गाठ ओढून काढायला स्क्रूसारखी वळणाची तार अमेरिकेत २००४ सालीच मान्य झाली होती, पुढे जाळ्याही आल्या. डोळ्यांसमोर गाठ बाहेर येत होती. पण त्यामुळे माणूस अधिक बरा होतो का, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. उलट २०१३ साली तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदम आले आणि तिन्हींनी सांगितलं, फायदा दिसत नाही. हे काम तिथेच थांबलं असतं.

त्या वेळी नेदरलँड्समधल्या १६ रुग्णालयांत एक चाचणी चालू होती. नाव मिस्टर क्लीन. माझ्या आईसारखाच झटका आलेला माणूस दारात येई. त्याची किंवा घरच्यांची संमती घेत. मग तो कोणत्या रांगेत जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवी. एका रांगेला नेहमीचे सगळे उपचार आणि शिवाय गाठ बाहेर काढायचा प्रयत्न. दुसऱ्या रांगेला फक्त नेहमीचे उपचार. विरघळवणारं इंजेक्शन दोन्ही रांगांतल्या बहुतेकांना मिळालं. पहिल्या रांगेत २३३ जण गेले, दुसऱ्या रांगेत २६७. नव्वदाव्या दिवशी, आईला विचारले तसेच प्रश्न विचारून, कोण आपलं आपण जगू शकतो ते मोजलं. पहिल्या रांगेत शंभरातले ३३ जण. दुसऱ्या रांगेत १९.

निकाल २०१४ च्या शेवटी जाहीर झाला. त्यानंतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, स्पेनमधल्या तशाच चाचण्यांनी आपले आकडे तपासले आणि त्या मुदतीआधीच थांबवल्या गेल्या, कारण उत्तर मिळालं होतं. २०१५ च्या वर्षभरात जगाने आपली रीत बदलली. आमच्या आईसाठी ते दार उघडं होतं ते त्यामुळे.

डॉक्टर बोलत होते आणि आई त्या कागदाकडे बघत होती. तिने डाव्या हाताचं बोट उजवीकडच्या आकड्यावर ठेवलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

"दुसऱ्या... रांगेतल्यांचा... काय झाला?"

खोलीत कोणी बोललं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "काही बरे झाले, मावशी. काही नाही झाले. काही गेले. पण ते नसते तर पहिल्या रांगेला अर्थच नव्हता. कशाशी ताडून बघणार?"

आईचा तो प्रश्न घेऊन मी घरी आले आणि अजून तो माझ्याजवळ आहे. मी सही केली तेव्हा मला आशा होती. त्या बायकांनी, मुलांनी, नवऱ्यांनी सही केली तेव्हा त्यांच्या हातात काय होतं? आपलं माणूस कोणत्या रांगेत जाईल ते त्यांना ठाऊक नव्हतं. कोणती रांग नशिबाची हे त्यांच्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्यावर कोणी अन्याय केला नाही, हे मला कळतं. तरी त्यांतल्या कोणाची तरी आई, माझ्या आईसारखीच मेंदूची डावी बाजू बंद पडलेली, पुढे कधी बोलली नसेल. तिचं ते न बोलणं मोजलं गेलं. त्या मोजण्यातूनच माझ्या आईचा "दोर" हा शब्द परत आला. ऋणानुबंध हा शब्द आपण लग्नपत्रिकेवर छापतो. त्याचा अर्थ मला त्या पाठकोऱ्या कागदावर कळला. ज्याला आपण पाहिलं नाही, ज्याची भाषा येत नाही, ज्याला आपलं नाव कधी कळणार नाही, त्याच्याशीही आपली गाठ बांधलेली असते.

गाठीवरून आणखी एक. त्या भेटीनंतर मी कामातून वेळ काढून वाचू लागले. शरीर न फाडता गाठ ओढून काढायची मूळ कल्पना अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या थॉमस फोगार्टी यांची. शाळेत असल्यापासून ते तिथल्या गुड समॅरिटन रुग्णालयात काम करत, पुढे शस्त्रक्रियेत डॉक्टरांच्या हाताशी उभे राहत. पायाच्या धमनीत गाठ अडकलेले रुग्ण ते बघत. लांबच लांब चिरा द्यायच्या, आणि तरी कित्येकांचा पाय कापावा लागायचा, कित्येक जायचे. त्यांच्या मनात आलं, बारीक नळीच्या टोकाला एक छोटा फुगा लावावा. नळी गाठीच्या पलीकडे न्यावी, फुगा फुगवावा आणि गाठ मागे ओढून आणावी. फुगा केला त्यांनी शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याच्या बोटाच्या टोकाचा. पण तो नळीला चिकटवायचा कसा? कुठलाच डिंक टिकेना. फोगार्टींना लहानपणापासून मासे धरायचा नाद. गळाला लावायच्या खोट्या माश्या ते पिसं आणि दोरा घेऊन स्वतः बांधत. तीच गाठ त्यांनी नळीवर बांधली आणि फुगा बसला. १९६१ साली ती नळी पहिल्यांदा माणसासाठी वापरली गेली. पलीकडे जा, तिथे फुल, मग गाठ घेऊन मागे ये. आईच्या मेंदूतल्या जाळीने तेच केलं.

मी आईला हे वाचून दाखवलं. ती खाटेवर बसून उजव्या हाताची बोटं चोळत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "गाठ कसली मारल्यान?"

मला ते सांगता आलं नाही. तिने ओल्या दोराचा तुकडा मागितला. डाव्या हाताने धरला, उजव्याने फेरा दिला. बोटं आखडत होती, दोर दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तिने दाताची मदत घेतली आणि गाठ आवळली. माझ्यासमोर धरून म्हणाली, "अशी असात."

असेलही. पिसं बांधणारा हात आणि फुलं बांधणारा हात यांची रीत फार वेगळी नसणार.

त्यानंतर आईने एक काम अंगावर घेतलं. ताईंनी दिलेल्या आकड्यांच्या सरावात तिने एक आकडा स्वतःहून घातला. रोज सकाळी, दोर भिजत घातले की, ती तो म्हणायची. कधी दोनशे सत्तर व्हायचं, कधी दोनशेच्या पुढे गाडी थांबायची. मी पुरवायला गेले तर हात वर करून गप्प बसवायची.

वर्ष झालं त्या दिवशी घरात देवापुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायला थोरले काका आले. दादा आला, त्याची मुलं आली. दवाखान्यातले डॉक्टर बोलावणं गेल्यावर संकोचून आले आणि दाराजवळ उभे राहिले. काकांनी हात जोडून देवाला हाक घातली. घरादाराला सांभाळ, लेकराबाळांना सांभाळ, चूकभूल पदरात घे. प्रत्येक वाक्यामागून आम्ही "होय म्हाराजा" म्हणत होतो. काका थांबले. नारळ उचलायला वाकले.

"थांबा," आई म्हणाली.

आमच्याकडे बाईमाणूस गाऱ्हाण्यात बोलत नाही. काका तसेच वाकलेले राहिले. आईने पदर सारखा केला, हात जोडले. उजवा हात डाव्याला पुरता टेकत नव्हता.

"आणि त्ये..." ती म्हणाली आणि अडली. आम्ही वाट बघितली. तिचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. दादाचा धाकटा काहीतरी विचारायला गेला, त्याला दादाने जवळ ओढून घेतलं.

"आणि त्ये दोनशे... सदुसष्ट. आमी त्येंका बघूक नाय. त्येंचा बरा कर रे म्हाराजा. गेले असतीत तर... त्येंका जागो दी."

"होय म्हाराजा," काका म्हणाले. मग आम्ही सगळे म्हणालो. दाराजवळून डॉक्टरही म्हणाले.